दक्षिण इंग्लंडच्या १६ रात्री: तेरा ठिकाणं नकोत, पाच मुक्काम पुरे

तुमचा आराखडा नीट वाचला. तुम्ही दोघं, सोबत पासष्टी ओलांडलेले आई-बाबा, २२ मेच्या आसपास मुंबईहून हीथ्रोला उतरायचं, हाताशी १६ रात्री. यादीत लंडन, विंडसर, ऑक्सफर्ड, कॉट्सवोल्ड्स, बाथ, ब्रिस्टल, स्टोनहेंज, कॉर्नवॉल, पोर्ट्समथ, आइल ऑफ वाइट, ब्रायटन, कँटरबरी आणि डोव्हर. गाडी घ्यावी की रेल्वेने फिरावं हे ठरत नाहीये, आणि आई-बाबा शाकाहारी आहेत.

यादीतलं एकही ठिकाण टाकाऊ नाही. पण असं फिरायचं तर एक-दोन रात्रींनी हॉटेल बदलावं लागेल, आणि हॉटेल बदललं की तो दिवस गेलाच म्हणून समजा. सकाळी दहा-अकराला खोली सोडायची, पुढच्या गावची खोली दुपारी तीनच्या आधी मिळत नाही, मधल्या वेळात चार मोठ्या बॅगा कुठे ठेवायच्या हा प्रश्न. इथे हमाल नाहीत, आणि छोट्या स्टेशनांवर लिफ्ट असेलच असं नाही. आई-बाबा असताना मी पाचच्या वर मुक्काम करणार नाही.

त्याआधी तारखांचं बोलू. मेच्या शेवटच्या आठवड्यात इथल्या शाळांना आठवडाभर सुट्टी असते, त्यातच शेवटच्या सोमवारी बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी. अख्खा देश कॉर्नवॉलकडे सुटलेला असतो आणि खोल्यांचे भाव चढलेले असतात. रजा पुढे ढकलता येत असेल तर जूनच्या पहिल्या आठवड्यात या. जूनमध्ये उजेड रात्री नऊनंतरही असतो, त्यामुळे सकाळी घाई करायचं कारण उरत नाही. जुलैच्या शेवटापासून ऑगस्टभर मोठी सुट्टी, तेव्हा तर नकोच.

आता मुद्दा रेल्वेचा. तुम्ही नकाशावर ठिपके जोडून गोल काढलाय, पण इथले मुख्य रेल्वेमार्ग लंडनमधून छत्रीच्या काड्यांसारखे फाकतात. पॅडिंग्टनहून बाथ, ब्रिस्टल, एक्सिटर आणि थेट पेन्झन्स. वॉटर्लूहून सॉल्सबरी, विंचेस्टर, पोर्ट्समथ. व्हिक्टोरियाहून ब्रायटन. सेंट पँक्रसहून कँटरबरी. नकाशावर शेजारी दिसणारी दोन गावं वेगवेगळ्या काड्यांवर असली की आडवं जाताना दोन-तीन गाड्या बदलाव्या लागतात. ब्रायटनहून किनाऱ्याकिनाऱ्याने कँटरबरीला जायचं म्हटलं तर तेच होतं. लंडनहून मात्र कँटरबरी तासाभराच्या आत. म्हणून ठिकाण कुठे आहे त्यापेक्षा ते कुठल्या काडीवर आहे हे आधी बघा.

तुमच्या उपयोगाच्या दोन आडव्या वाटा आहेत. एक ब्रिस्टल-बाथ-सॉल्सबरी-साउदॅम्प्टन-पोर्ट्समथ, गाडी न बदलता. दुसरी एक्सिटरहून सॉल्सबरीला, ही पुढे वॉटर्लूला जाते. या दोन धरल्या की गोल जमतो: बाथ ४ रात्री, कॉर्नवॉल (मुक्काम पेन्झन्सला) ३, सॉल्सबरी २, ब्रायटन ३ आणि शेवटी लंडन ४.

लंडन शेवटी, हे मुद्दाम. लांबच्या विमानप्रवासानंतर थकलेल्या आई-बाबांना पहिल्याच दिवशी ट्यूबच्या, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेच्या, गर्दीत नेऊ नका. हीथ्रोहून रेडिंग स्टेशनला थेट कोच जातो, तिथून बाथ रेल्वेने साधारण तासाभरावर. शिवाय खरेदी लंडनलाच होणार. ते ओझं आधीपासून कॉर्नवॉलपर्यंत कशाला वाहायचं?

बाथ सगळं चालत बघण्यासारखं आहे, मात्र गाव चढउताराचं आहे, तेव्हा हॉटेल स्टेशनजवळच्या सपाट भागात घ्या. रोमन बाथ्सचं तिकीट महाग वाटेल, तरी चुकवू नका. सुमारे ४६ अंशाचं पाणी जमिनीतून रोज ११ लाख लिटरच्या वर येतं, आणि रोमनांनी ते वाहून न्यायला बांधलेला मोठा नाला आजही काम करतो. कुंडातल्या हिरव्या पाण्याला हात लावायचा नाही. प्यायचं पाणी वेगळं मिळतं, चव लोखंडासारखी.

ब्रिस्टलला वेगळा मुक्काम नको, बाथहून ते पाव तासावर आहे. क्लिफ्टनचा झुलता पूल आणि ब्रुनेल या इंजिनियरचं ‘ग्रेट ब्रिटन’ जहाज बघाच, पण अर्धा तास आर्नोस व्हेल दफनभूमीसाठी ठेवा. राजा राममोहन रॉय १८३३ मध्ये ब्रिस्टलला वारले, त्यांची समाधी तिथे आहे. झाडीत, इंग्रजी थडग्यांच्या मधोमध, खांबांवरची आपल्याकडची छत्री. द्वारकानाथ टागोरांनी ती बांधवली. माझ्याकडे आलेल्या पाहुण्यांपैकी ज्येष्ठ मंडळी झुलत्या पुलापेक्षा इथेच जास्त रेंगाळतात.

कॉट्सवोल्ड्स रेल्वे-बसने करायचं म्हणजे अख्खा दिवस बसच्या वेळापत्रकामागे धावणं. बाथहून निघणाऱ्या लहान बसच्या सहलीने एक दिवस जा, कॅसल कूम वगैरे गावं होऊन जातात. बायबरीचं नाव सगळ्यांच्या यादीत असतं, आणि त्यामुळेच दुपारी तिथे उभं राहायला जागा नसते.

बाथहून पेन्झन्सचा पल्ला चार-साडेचार तासांचा, पण हा प्रवासच बघण्यासारखा आहे. जाताना डावीकडच्या खिडक्या धरा. एक्सिटर सोडलं की आधी खाडी येते आणि डॉलिशला रूळ थेट समुद्राच्या भिंतीवरून जातात. भरतीला वारा असेल तर पाणी काचेवर उडतं. पुढे प्लिमथनंतर टेमर नदीवरचा ब्रुनेलचा १८५९ चा पूल लागतो, आणि तो ओलांडला की कॉर्नवॉल. रात्रीची शयनगाडीही आहे पॅडिंग्टनहून, पण अंधारात हे सगळं हुकतं.

कॉर्नवॉलमध्ये तरी गाडी घ्यावी का? आपलं लायसन्स इथे एक वर्ष चालतं, वाहतूक डावीकडूनच, तेव्हा कायद्याची अडचण नाही. अडचण रस्त्यांची. आतले रस्ते एकाच गाडीच्या रुंदीचे, दोन्हीकडे डोक्याच्या वर गेलेलं दगडमातीचं कुंपण. समोरून ट्रॅक्टर आला की जागा सापडेपर्यंत उलटं जायचं. त्यात मॅन्युअल गियर भाड्याने घेतलं तर बघायलाच नको. ऑटोमॅटिक वेळेवर बुक करावी लागते आणि महाग पडते. शिवाय कुंपणामुळे गाडीतून समुद्र दिसतच नाही! पेन्झन्सहून लँड्स एंड आणि सेंट आइव्ह्जकडे फिरणारी उघड्या छताची डबलडेकर बस उन्हाळ्यात असते, वरच्या मजल्यावरून सगळं कुंपणाच्या पलीकडे दिसतं. मी तीच सुचवेन. इंग्लंडमध्ये बहुतेक स्थानिक बसचं एकेरी भाडं सध्या जास्तीत जास्त ३ पौंड आहे.

सेंट आइव्ह्जला जाताना सेंट अर्थला गाडी बदला आणि उजवीकडे बसा. पंधरा मिनिटांचा फाटा, पण खाडी, वाळूच्या टेकड्या आणि मग एकदम निळा समुद्र. सेंट मायकल्स माउंट या बेटावर ओहोटीत दगडी वाटेने चालत जाता येतं, भरतीत होडी. भरती-ओहोटीच्या वेळा आदल्या दिवशी बघून ठेवा. वरचा किल्ला गोट्यांच्या खड्या चढावर आहे, आई-बाबांचे गुडघे कसे आहेत त्यावर ठरवा. खालूनही छान दिसतो.

सॉल्सबरीला लोक फक्त स्टोनहेंजसाठी उतरतात, हे मला कधी पटलं नाही. स्टोनहेंज बघाच. स्टेशनवरून बस आहे, तिकीट ठरावीक वेळेचं असतं, पर्यटक केंद्रापासून दगडांपर्यंत शटल बस नेते आणि वाट सपाट आहे, त्यामुळे ज्येष्ठांना त्रास नाही. दगडांना हात लावता येत नाही, भोवतीने फिरायचं. दीड-दोन तासांत मन भरतं. कॅथीड्रलला मात्र अर्धा दिवस द्या. १२३ मीटरचा कळस, ब्रिटनमधला सर्वांत उंच, आणि पाया जेमतेम सव्वा मीटर खोल, खाली पाण्याने भिजलेला मुरूम. त्या पाण्याची पातळी बघायला फरशीतलं एक झाकण उघडून काठी बुडवतात. कुणी मार्गदर्शक मोकळा दिसला तर दाखवायला सांगा. कळसाखालचे खांब वजनाने वाकलेत, ते मान वर करून पाहिलं की साध्या डोळ्यांनी कळतं. आत एक लोखंडी घड्याळ आहे, १३८६ च्या सुमाराचं मानतात. त्याला तबकडीच नाही, ते नुसते टोल द्यायला बनवलेलं. शेजारच्या चॅप्टर हाउसमध्ये राजाच्या सत्तेला लगाम घालणाऱ्या १२१५ च्या सनदेच्या, मॅग्ना कार्टाच्या, उरलेल्या चार प्रतींपैकी एक आहे.

पोर्ट्समथ आणि आइल ऑफ वाइट यांतलं एकच निवडा, तेही सॉल्सबरी किंवा ब्रायटनची एक रात्र वाढवता आली तरच. पोर्ट्समथला १५४५ मध्ये बुडालेलं आणि १९८२ मध्ये वर काढलेलं ‘मेरी रोझ’ जहाज आहे. पण माझा कौल आइल ऑफ वाइटला, ऑस्बोर्न हाउससाठी. व्हिक्टोरिया राणीच्या या घरातला दरबार हॉल लाहोरच्या भाई रामसिंगांच्या आराखड्याचा आहे, आणि लगतच्या बोळात राणीने काढवून घेतलेली साध्या भारतीय माणसांची चित्रं आहेत.

ब्रायटनला जाताना चौपाटी डोक्यात नको. किनारा सगळा गोट्यांचा, चपलेशिवाय चालवत नाही. सावरकरांमुळे हा किनारा आपल्या मनात लहानपणापासून असतो, त्यामुळे मराठी माणूस इथे थोडा वेळ गप्प उभा राहतोच. रॉयल पॅव्हिलियन बाहेरून मोगल घुमटांचा आणि आतून चिनी थाटाचा अजब राजवाडा. पहिल्या महायुद्धात तो जखमी भारतीय सैनिकांचं इस्पितळ होता. हिंदू, मुसलमान आणि शिखांसाठी वेगळी स्वयंपाकघरं, हिंदू-मुसलमानांच्या पाण्याचे नळ वेगळे. जे हिंदू आणि शीख सैनिक वाचले नाहीत त्यांचं दहन गावाबाहेरच्या टेकडीवर झालं. तिथे १९२१ पासून पांढऱ्या संगमरवराची छत्री उभी आहे. पॅचमपर्यंत बस, पुढे चढाची पायवाट, गाडी जात नाही. आई-बाबांना पॅव्हिलियनच्या बागेत बसवून तुम्ही दोघं जाऊन या.

डोव्हर काढून टाका. पांढरे कडेच बघायचे तर ब्रायटनहून ईस्टबोर्नच्या बसने सेव्हन सिस्टर्सला जा, ते जास्त देखणे आहेत. कड्याच्या टोकाला मात्र जाऊ नका, खडू खालून पोखरलेला असतो आणि दरडी सांगून कोसळत नाहीत.

लंडनबद्दल फारसं लिहीत नाही, माहिती ढिगाने मिळेल. विंडसर, ऑक्सफर्ड आणि कँटरबरी इथून दिवसाच्या सहली. चार रात्रींत यांतली एकच करा. माझं मत ऑक्सफर्ड, तिथलं अ‍ॅशमोलियन संग्रहालय फुकट आहे. चॉक फार्म ट्यूब स्टेशनजवळ १०, किंग हेन्रीज रोड हे घर बघून या. १९२१-२२ मध्ये शिकत असताना बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत होते, महाराष्ट्र सरकारने ते २०१५ मध्ये विकत घेतलं. ट्यूब-बसला प्रत्येकाने स्वतःचं कार्ड टेकवायचं, एका कार्डावर दोघे चालत नाहीत.

तिकिटांचं. अ‍ॅडव्हान्स तिकिटं साधारण बारा आठवडे आधी खुली होतात आणि लांबच्या पल्ल्यांना तीच स्वस्त पडतात, पण ती त्याच गाडीची; तुमच्या उशिराने गाडी चुकली तर तिकीट गेलं. म्हणून अ‍ॅडव्हान्स फक्त बाथ-पेन्झन्स आणि पेन्झन्स-सॉल्सबरीला घ्या. या दोन तिकिटांसाठी तुम्हा दोघांचं टू टुगेदर आणि आई-बाबांचं प्रत्येकी सीनियर, अशी रेलकार्डं घेतली तर भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते. जवळच्या फेऱ्यांना कार्डही नको: तीन ते नऊ जण एकत्र असाल तर ऑफ-पीक (गर्दीची वेळ सोडून) तिकिटावर ग्रुपसेव्ह या सवलतीने तेवढीच सूट मिळते. लांबचे पल्ले रविवारी ठेवू नका, त्या दिवशी रुळांची कामं निघतात आणि रेल्वेऐवजी बसमध्ये बसवतात. आई-बाबांसाठी पॅसेंजर असिस्ट आधी बुक करा, फुकट आहे. गाडीत चढवून द्यायला माणूस येतो.

जेवणाचं फार टेन्शन घेऊ नका, पण वेळा सांभाळा. लहान गावांतल्या पबचं स्वयंपाकघर दुपारी अडीचला बंद होतं आणि रात्री साडेआठ-नऊनंतर कुणी विचारत नाही. कॉर्नवॉलमध्ये चीज-कांद्याची पेस्टी (भाजलेली मोठी करंजीच) मिळते. चिप्स घेताना मात्र कशात तळलेत ते विचारा, काही दुकानांत गाईच्या चरबीत तळतात. जवळजवळ प्रत्येक खोलीत किटली असते, तेव्हा गरम पाणी ओतायचे पोहे-उपम्याचे डबे बॅगेत टाका. तूप, पेढे, बर्फी आणू नका. भारतातून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, कस्टमने बॅग उघडली तर ठेवून घेतील.

पेन्झन्सला खोल्या लवकर भरतात, तेव्हा तारखा नक्की झाल्या की बुकिंगची सुरुवात तिथून करा.