सात चक्रं आणि रात्रीची बाटली

"मॅडम, ह्याच्या बोटांवर सात चक्रं आहेत. म्हणजे ह्याचे दात किडणारच ना?"

तासगावकडून सांगलीला आलेली ती आई अजून खुर्चीत नीट टेकलीही नव्हती. मांडीवर अडीच वर्षांचा मुलगा आणि हातात घड्या पडून मऊ झालेला कागद, त्यावर दहा चिमुकले निळे ठसे. कुठल्याशा शिबिरात कुणीतरी ते घेतले आणि सांगितलं की चक्रं, म्हणजे बोटावरच्या गोल गोल फिरणाऱ्या रेषा, जास्त असली की दात किडतात, ते पोटात असतानाच ठरतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) हा प्रश्न मला इतरही पालक विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

कागद मी बाजूला ठेवला. मुलाला दोघींच्या मांड्यांवर आडवं घेऊन त्याचा वरचा ओठ हलकेच उचलला. वरचे पुढचे चारही दात हिरडीलगत तपकिरी झालेले, त्यातला एक तर अर्धाच उरलेला. खालचे पुढचे दात मात्र पांढरेशुभ्र. ही खूण फार ओळखीची आहे. बाटली तोंडात धरून मूल झोपतं तेव्हा दूध वरच्या दातांभोवती साचून राहतं, आणि खालच्या दातांवर जिभेचं पांघरूण असतं. झोपेत लाळही कमी सुटते, त्यामुळे ते धुऊन जात नाही. जंतू साखरेचं आम्ल करतात आणि दाताचं वरचं कवच विरघळायला लागतं.

"रात्री बाटली देता?" मी विचारलं.

ती गप्प. मग हळू आवाजात म्हणाली, "साखर घातल्याशिवाय घेत नाही ओ. आणि दिवसभर खिशात बेदाणे असतात. घरचेच आहेत, आजी देतात."

ठशांची गोष्ट अगदीच हवेतली नाही, हे मी तिला सांगितलं. बोटांवरच्या रेषा आणि दाताचं कवच गर्भाच्या एकाच बाह्य थरातून तयार होतात. दुधाच्या दातांची सुरुवात साधारण सहाव्या आठवड्यात होते, बोटांच्या रेषा दहाव्या आठवड्यानंतर उमटू लागतात आणि सहाव्या महिन्यापर्यंत कायमच्या होतात. म्हणून संशोधकांनी दोन्हींचा संबंध शोधला. काही अभ्यासांत किडलेल्या दातांच्या मुलांमध्ये चक्रं जास्त आणि शंख (एका बाजूने येऊन वळून तिकडेच परत जाणाऱ्या रेषा) कमी आढळले, तर काहींत तसा फरक दिसला नाही. एवढ्यावरून एका मुलाचं भविष्य सांगता येत नाही. आणि दोष चक्रांचा असता, तर त्यांनी वरचे दात किडवून खालचे का सोडले असते?

हे तिला पटलं. पण चेहरा उजळला नाही, उलट डोळे भरून आले. "मग चूक माझीच झाली ना?"

खरी भीती इथे होती. घरात सासूबाई म्हणत होत्या, दात आईच्या वळणावर गेलेत. नवरा म्हणत होता, तू लक्ष देत नाहीस. त्या कागदाने तिला पहिल्यांदा सोडवलं होतं, कारण चक्रं कुणाच्या हातात नसतात. तो आधार मी काढून घेत होते, तेव्हा बदल्यात काही देणं माझं कामच होतं. मी म्हटलं, "बाटली देऊन तुम्ही रात्री त्याला शांत झोपवलंत. कुणी तुम्हाला हे सांगितलं नव्हतं. आज कळलं, आजपासून बदलू." पुढच्या भेटीला सासूबाईंनाही घेऊन या, असं सांगितलं. एकट्या सुनेने घरी जाऊन "बेदाणे बंद" म्हटलं की भांडण ठरलेलंच असतं.

आजी आल्या. "पडणारेच दात, एवढं काय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकाव्या लागतात, त्यांच्यावर नातवाचं जेवण असतं आणि मागून येणाऱ्या दातांची जागाही त्याच राखतात, हे ऐकल्यावर त्या पुढे सरकून बसल्या. बेदाणे आम्ही बंद केले नाहीत. दिवसभर खिशातून एकेक खाण्याऐवजी जेवणाबरोबर एकदाच द्यायचे ठरले. दाताला चिकटणारा गोड पदार्थ किती खाल्ला यापेक्षा किती वेळा खाल्ला, याने जास्त बिघडतं. आपल्या तोंडातला चमचा त्याच्या तोंडात घालायचा नाही, कारण जंतू लाळेतून जातात, हेही त्यांनी ऐकून घेतलं. बाटलीतली साखर आधी कमी करायची, मग रोज थोडं पाणी वाढवत नुसतं पाणी उरू द्यायचं, असं ठरलं. झोपण्याआधी फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तिसऱ्या वर्षानंतर वाटाण्याएवढी, आणि ब्रश मोठ्या माणसाच्या हातात. दातांच्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात पाठवलं. अर्धा उरलेला दात काढावा लागला, बाकीचे वाचवता आले.

चार रात्री तो रडला, पाचव्या रात्री पाणी पिऊन झोपला, असं आईने फोनवर सांगितलं. मागून आजींचा आवाज आला, "त्यांना विचार, धाकटीला पहिला दात आलाय, तिला कधी आणू?"

"वर्षाची व्हायच्या आत," मी म्हटलं. "आणि तुम्हीच घेऊन या, आजी."