भयंकर, वस्ताद की अचाट?

प्रश्न : ‘डायनासोर’ या नावातल्या ‘देइनोस’ या ग्रीक विशेषणाचा अर्थ ‘भयंकर’ असं शाळेत शिकलो. सॉक्रेटिसच्या बचावाच्या भाषणात मात्र त्याचा अर्थ ‘बोलण्यात चतुर’ असा दिलेला वाचला. खरा कोणता? आपल्या ‘दीन’शी त्याचं नातं आहे का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ‘दीन’शी नातं नाही, आवाज तेवढा सारखा. ‘देओस’ म्हणजे भीती, तिच्यातून हे विशेषण आलं. आणि तुम्ही दिलेले दोन्ही अर्थ खरे आहेत.

लहानपणी आजोबा मला खासबागेत कुस्त्या बघायला न्यायचे. एखादा मल्ल शड्डू ठोकत आखाड्यात उतरला की ते हळूच म्हणायचे, “भयंकर पैलवान हाय ह्यो!” धडकी आणि कौतुक एका शब्दात. देइनोस नेमका तिथला शब्द आहे. होमरच्या ‘इलियड’मध्ये हेलन सासऱ्याला, प्रायमला, हेच विशेषण लावते. आपल्याकडची सून म्हणाली असती, “मामंजी, तुमचा मला आदर वाटतो आणि धाकही.”

पुढे अथेन्समध्ये ‘देइनोस लेगेइन’, म्हणजे ‘बोलण्यात देइनोस’, असा प्रयोग रुळला. इ.स.पू. 399 मधल्या खटल्यात फिर्यादींनी न्यायसभेला बजावलं होतं, की सॉक्रेटिस असा आहे, त्याच्या बोलण्याला भुलू नका. त्यावर तो म्हणतो, खरं बोलणाऱ्यालाच ते देइनोस म्हणत असतील, तर मी तसा आहे. इथं ‘चतुर’ मला पटत नाही, त्यात धास्तीच नाही. मी ‘वस्ताद’ म्हणेन. तालमीत वस्तादाच्या पाया पडतात, पण व्यवहारात कुणी ‘लई वस्ताद माणूस’ म्हटलं की आपण सावध होतो.

ही ओढाताण ग्रीकांनाही जाणवत होती. प्लेटोच्या ‘प्रोटागोरस’ संवादात शब्दांचा काटेकोर प्रोडिकस सॉक्रेटिसला टोकत असे : चांगल्या माणसाला देइनोस कसं म्हणतोस? आजार, युद्ध, गरिबी देइनोस असतात. देइनोस संपत्ती किंवा देइनोस शांतता कुणी म्हणत नाही. त्याचा तर्क चोख आहे, पण लोकांची जीभ तर्कानं चालत नाही. आपणही ‘भयंकर हुशार’ म्हणतोच की.

इंग्रज शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेनने 1842 मध्ये डायनासोरचं नाव छापलं, तेव्हा त्याच्याही मनात नुसतं भय नव्हतं, प्रचंडपणा होता.

सर्वांत अवघड जागा सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’ या नाटकात आहे. वृंद गातो : देइनोस गोष्टी पुष्कळ, पण माणसाहून देइनोस काही नाही. तो खवळलेला समुद्र ओलांडतो, जमीन नांगरतो, पाखरं जाळ्यात धरतो. फक्त मरणापुढं त्याचा इलाज चालत नाही. इथं ‘भयंकर’ लिहिलं तर कौतुक जातं, ‘अद्भुत’ लिहिलं तर भीती. मी ‘अचाट’ लिहितो. भीती त्यातही थोडी कमीच पडते, पण याहून जवळचा शब्द मला अजून सापडलेला नाही.