आडोसा घेतला, पण कशाला?

यवतमाळकडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. गडचिरोलीतल्या चकमकीच्या बातमीत ‘जवानांनी झाडांचा आडोसा घेऊन प्रत्युत्तर दिले’ असं छापून येतं. गावातले निवृत्त फौजी मात्र भरतीची तयारी करणाऱ्या पोट्ट्यांना ‘आड घे’ म्हणतात. बरोबर काय? आणि ‘कव्हरिंग फायर’ला ‘आडोशाचा गोळीबार’ म्हणता येईल का?

आधी ‘आड’. मराठीत हा शब्द दुसऱ्या शब्दाला चिकटून येतो: ढगाआड, दाराआड, पदराआड. सुटं नाम म्हणून आला की त्याचा अर्थ विहीर, म्हणून ‘आड घेतला’ ऐकून कोणी सातबारा विचारला तर नवल नाही. फौजींचा ‘आड’ हा पलटणीतल्या हिंदीतला, स्त्रीलिंगी. एनसीसीच्या हिंदी शिकवणीतही तोच आहे आणि तिथे त्याचे दोन भाग पाडतात: नजरेपासून आड आणि फायरपासून आड. बातमीतल्या ‘आडोसा’ला हा फरक दाखवता येत नाही आणि पायदळाच्या लढाईबद्दलचे निम्मे गैरसमज तिथूनच निघतात. सिनेमात नायक मोटारीच्या दारामागे, लाकडी टेबलामागे बसून खुशाल गोळीबार करतो. रायफलची गोळी मोटारीच्या पत्र्यातून आरपार जाते. गाडीत त्यातल्या त्यात भरवशाचं म्हणजे इंजिन, बाकी सगळा डोळ्यांपुरता पडदा.

खरं तर मराठीकडे यावर सोपा उपाय आहे. आपण ‘वाऱ्याला आडोसा’, ‘उन्हाला आडोसा’ म्हणतो, म्हणजे कशाला अडवायचं ते ‘ला’ लावून सांगतो. तसंच ‘नजरेला आडोसा’ आणि ‘गोळीला आडोसा’ म्हणावं. नवा शब्द पाडायची गरज नाही.

हा फरक विदर्भातल्या कुठल्याही वावरात उभं राहून पडताळता येतो. डिसेंबरातली तूर पुरुषभर वाढलेली असते. आत शिरलेला माणूस पन्नास पावलांवरून दिसत नाही, पण तुरीची झाडं गोळीला काहीच करत नाहीत. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं तेच. कुटाराचा ढीग, तुराट्यांचा कूड, बांबूचे तट्टे हे सगळे नजरेचे आडोसे. वर ते हलले की जागा उघडी पडते, कारण वारा नसताना तुरीचा एकच पट्टा हलत असेल तर बघणाऱ्याला आणखी काही लागत नाही.

गोळीला अडवते ती माती, आणि तीही पुरेशी जाड. घट्ट भरलेल्या वाळूच्या पोत्यांचे दोन थर रायफलच्या गोळीला बहुधा पुरतात. ओल्या मातीत मात्र गोळी कोरडीपेक्षा खोल जाते, त्यामुळे पावसाळ्यात तोच बांध जाड घालावा लागतो. नऊ इंची विटांची भिंत एकदोन गोळ्या अडवेल, पण त्याच जागी मारा चालू राहिला तर वीट चुरत जाते आणि भोक पडतं. चार इंची भिंतीवर भरवसा ठेवूच नये. जुन्या गढ्यांच्या पांढऱ्या मातीच्या, काही फूट जाड भिंती या बाबतीत नव्या घरकुलापेक्षा कितीतरी सरस.

धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं उदाहरण मुद्दाम घेण्यासारखं आहे. धुरा उंच आणि रुंद असेल तर गोळीला चांगला आडोसा. पण शिकाऊ माणूस धुऱ्यावरून डोकं काढून बघतो आणि आभाळाच्या पार्श्वभूमीवर ते डोकं लांबून उठून दिसतं. म्हणून शक्य तिथे आडोशाच्या वरून न बघता बाजूने बघायला शिकवतात. उजव्या हाताने रायफल चालवणारा उजव्या बाजूने, म्हणजे अंग कमीत कमी बाहेर पडतं. धुऱ्यावर एकटीच बाभूळ असेल तर तिच्या बुंध्याशी बसणं ही दुसरी नेहमीची चूक. बुंधा जाड असेल, गोळी अडवेलही. पण समोरचा आपल्या साथीदारांना निशाणा सांगतो तो अशाच खुणेवरून: ‘एकटं झाड, त्याच्या डावीकडे दोन बोटं.’ भिंतीचंही तसंच. तिरकी आदळलेली गोळी भिंतीला धरून सरकत जाते, म्हणून भिंतीला पाठ घासत न चालता फूटदोन फूट सोडून चालतात. सिनेमात नेमकं उलटं.

नाल्यात उतरलात तर नजर आणि सरळ येणारी गोळी दोन्ही टळतात, पण नाला वरून उघडा. मॉर्टरचा, म्हणजे उखळी तोफेचा गोळा उंच उडून जवळजवळ उभाच खाली येतो. युक्रेनच्या युद्धात खंदकांवर आणि रस्त्यांवर जाळ्या ताणाव्या लागल्या त्या ड्रोनसाठी. तेव्हा ‘कशाला आडोसा’ या प्रश्नाला आता वरची बाजूही जोडून घ्या.

जाता जाता: ‘मोर्चा’ हा आपला जुना शब्द पलटणीच्या हिंदीत खंदक या अर्थाने टिकला आणि मराठीत मागण्यांचे फलक घेऊन रस्त्यावर आला. परत आणणं कठीण दिसतं.

आता ‘कव्हरिंग फायर’. याला ‘आडोशाचा गोळीबार’ म्हटलं की दोन चुकीचे अर्थ निघतात: आडोशामागून केलेला गोळीबार, किंवा गोळ्यांची भिंत उभी करून आत माणूस लपवणं. प्रत्यक्षात काम वेगळं आहे. समोरच्याला डोकं वर काढू द्यायचं नाही, म्हणजे तेवढ्या वेळात आपली दुसरी टोळी पुढे सरकते. किती मारले यापेक्षा समोरून नेम धरून गोळी आली की नाही, यावर या माऱ्याची किंमत ठरते. त्यामुळे ‘अंधाधुंद गोळीबार’ हाही शब्द इथे चुकतो. एके-४७चा वेग मिनिटाला सुमारे ६०० गोळ्या. घोडा दाबून धरला तर ३० गोळ्यांचं मॅगझिन ३ सेकंदांत रिकामं. सात मॅगझिन जवळ असली तरी सलग मारा २१ सेकंदांचा. पुढे सरकणारा अजून उघड्यावर, आणि मागचा हात रिकामा. म्हणून मशीनगनवाला तीन ते पाच गोळ्यांचे झटके देतो आणि टोळीतले गडी आळीपाळीने मॅगझिन बदलतात, सगळे एकदम नाही.

पुढे जाणाराही पन्नास मीटर बेभान धावत नाही. तीन ते पाच सेकंदांची धाव, म्हणजे समोरच्याला दिसून नेम धरायला वेळ मिळायच्या आत खाली. पडल्यावर लगेच सरपटत बाजूला सरकायचं आणि तिथून उठायचं. पडला तिथूनच उठला तर समोरची रायफल त्याच जागेवर रोखलेली असते. मारा करणारी टोळी थेट मागे असणं वाईट, कारण गोळ्या आपल्याच माणसांच्या पाठीवरून जातात आणि अंतर कमी होताच मारा थांबवावा लागतो. ती बाजूला, शक्यतो काटकोनात असली तर पुढचे अगदी जवळ पोचेपर्यंत मारा चालवता येतो. मग ठरलेल्या खुणेवर तो पलीकडे सरकवायचा. बहुतेक घोटाळा या खुणेवर होतो: ती आवाजात ऐकू जात नाही किंवा धुळीत दिसत नाही.

एवढं सगळं ‘आडोसा’ या शब्दात बसणार नाही. फौजी ‘कव्हर फायर’ म्हणतात ते बोलण्यात खुशाल चालू द्यावं. लिहिताना ‘दाबून धरणारा मारा’ मला पटतो. ‘संरक्षणात्मक गोळीबार’ ऐकायला भारदस्त, पण वाचणाऱ्याला वाटतं जवान मागे हटले. बातमी अशी लिहिता येईल: ‘एका तुकडीने माऱ्याने नक्षलवाद्यांना दाबून धरले, तेवढ्यात दुसरी तुकडी नाल्यातून बाजूला पोचली.’