पहिली आवृत्ती, सहीची प्रत: सुरुवात कुठून करावी

राजकारणातल्या स्त्रियांची पुस्तकं जमवायची असतील तर आधी परीघ लहान ठेवा. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’पासून सुरुवात करा, असं मी मनापासून सांगेन. वारली आदिवासींचा लढा तो लढवणारीच सांगते आहे, याहून मोलाचं काय हवं?

पहिली आवृत्ती १९७० ची. शीर्षकपानामागचा मजकूर सावकाश वाचा, कारण काही विक्रेते पुनर्मुद्रणालाही बिनदिक्कत ‘पहिली’ म्हणतात. साहित्य अकादमी पुरस्कार १९७२ चा. त्याचा उल्लेख पुस्तकावर छापलेला असेल तर ती प्रत नंतरची, निदान वेष्टन तरी.

सहीबाबत घाई नको. गोदूताई १९९६ साली गेल्या. सहीखाली त्यानंतरची तारीख दिसली तर विषय संपला. नुसत्या सहीपेक्षा एखाद्या सहकाऱ्याला नाव घालून दिलेली प्रत मला कितीतरी अधिक प्रिय, कारण त्यातून चळवळीतलं नातं कळतं. ग्रंथालयाचा शिक्का आहे, पण पुस्तक बाद केल्याची नोंद नाही, अशी प्रत घेऊ नका. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी तर कधीच नको, डाग कायमचा राहतो. खरेदीच्या नोंदी वेगळ्या वहीत करा.