नेतृत्वाची शिबिरं घेऊनही जबाबदारी घेणारी माणसं का तयार होत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की बडोद्यातल्या तुमच्या संस्थेची शाळा आहे, वाचनालय आहे, गणेशोत्सव आहे. दोनदा नेतृत्व शिबिर झालं, पुण्याहून वक्ते आले, सगळ्यांना आवडलंही. तरी प्रत्येक निर्णय सत्तरी ओलांडलेल्या दोन पदाधिकाऱ्यांपाशीच जाऊन थांबतो. आता तिसरं शिबिर घ्यावं का, असं तुम्ही विचारताय.

घेऊ नका. त्याऐवजी सात-आठ जणांचा एक गट करा. तो निदान वर्षभर दर महिन्याला भेटेल आणि प्रत्येकाच्या हातातल्या खऱ्या कामाबद्दल बोलेल. मी बडोद्याच्याच मकरपुऱ्यातल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात बरीच वर्षं काम केलं. आता दांडिया बाजारजवळ भरणाऱ्या अशाच एका गटात बसतो, म्हणून हे ठामपणे सांगतोय.

वक्ते वाईट नसतात. पण शिबिरातून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच कचेरीत, त्याच माणसांत जातो, आणि तिथे काहीच बदललेलं नसतं. शिवाय वक्त्याकडे उत्तर असेल, असं आपण धरून चालतो. काही प्रश्नांना ते असतंही. हार्वर्डच्या रोनाल्ड हायफेट्झ यांनी हा भेद नीट मांडलाय: काही प्रश्न जाणकाराला बोलावून सुटतात, आणि काही प्रश्न त्यात अडकलेल्या माणसांनी स्वतःच्या सवयी बदलल्याशिवाय सुटत नाहीत. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी बडोद्यातल्या सोसायट्यांत शिरली, तेव्हा माणसं बाहेर काढायला बोटी आणि प्रशिक्षित जवान हवे होते. ते काम जाणकारांचंच. पण पुढच्या पावसाळ्याआधी काय करायचं, यात आजवा तलावातून सुटणारं पाणी, काठावरची बांधकामं, पार्किंग सोडायला तयार नसलेले रहिवासी आणि तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी, असं सगळंच येतं. याचं तयार उत्तर कुणा वक्त्याच्या बॅगेत नसतं. तुमच्या मराठी शाळेची घटती पटसंख्या हा याच जातीचा प्रश्न आहे.

अशा प्रश्नांसाठी माणसं कशी घडतात, याचा ध्यास रेग रेव्हन्स या इंग्रज माणसाने आयुष्यभर घेतला. 1940 च्या दशकात ब्रिटनच्या कोळसा खाणींच्या व्यवस्थापकांना तज्ज्ञांपुढे बसवण्याऐवजी त्याने त्यांना एकमेकांच्या अडचणी ऐकायला, एकमेकांच्या खाणी पाहायला लावलं. त्याचं म्हणणं सरळ होतं: भोवतालचं जग ज्या वेगाने बदलतंय त्याहून आपल्या शिकण्याचा वेग कमी असेल तर आपण मागे पडणार, आणि पुस्तकातलं ज्ञान हे काल सुटलेल्या प्रश्नांचं असतं.

मला मात्र सगळ्यात जास्त शिकवलं ते अमेरिकेतल्या एका उदाहरणाने. साउथ कॅरोलायनातल्या जॉन्स बेटावरच्या कृष्णवर्णीयांना मतदार म्हणून नाव नोंदवायचं तर राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवावा लागे, आणि अनेकांना वाचता येत नव्हतं. 1957 च्या जानेवारीत तिथे एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत प्रौढांचा वर्ग सुरू झाला. पुढे वाणसामान, मागे वर्ग, म्हणजे गोऱ्यांना संशय नको. शिकवायला घेतलं बर्निस रॉबिन्सन यांना. त्या शिक्षिका नव्हत्या, केशभूषेचा व्यवसाय करायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी लोकांनाच विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? कुणाला स्वतःचं नाव लिहायचं होतं, कुणाला मुलांची पत्रं वाचायची होती, कुणाला मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता. वर्ग तिथूनच सुरू झाला आणि मतदार यादीपर्यंत गेला. मग शेजारच्या बेटांवर असे वर्ग निघाले, आणि शिकलेल्यांपैकी काहीजण पुढे शिकवू लागले. या कामामागे सेप्टिमा क्लार्क होत्या, आणि मायल्स हॉर्टन यांनी 1932 मध्ये टेनेसीत सुरू केलेली हायलँडर ही लोकशाळा होती. रोझा पार्क्सही 1955 च्या उन्हाळ्यात, गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला त्यांनी नकार दिला त्याच्या काही महिने आधी, तिथल्या एका कार्यशाळेला जाऊन आल्या होत्या. त्यांना तिथे कुणी नेता बनवलं असं मी म्हणणार नाही, त्या आधीपासूनच काम करत होत्या. पण आपल्यासारखाच विचार करणारी माणसं एका टेबलाशी भेटणं, याचं बळ मोठं असतं.

आता तुमच्या गटाबद्दल. माणसं वेगवेगळ्या कामांतली घ्या: एक शिक्षिका, एक वाचनालयातलं कुणी, उत्सवाची वर्गणी सांभाळणारा एखादा तरुण, आणि जमल्यास संस्थेबाहेरचे एक-दोघं. साहेब आणि त्यांच्या हाताखालचा माणूस एकाच गटात नको, तोंडं उघडत नाहीत. एका बैठकीत एक, फार तर दोन प्रश्न. ज्याचा प्रश्न त्याने दहा मिनिटांत मांडावा. मग निदान अर्धा तास बाकीच्यांनी फक्त विचारायचं, सल्ला द्यायचा नाही. हा नियम पाळायला फार कठीण जातो. आपल्याकडे सल्ला न देणं म्हणजे जवळजवळ उद्धटपणाच! पण तो सैल सोडलात तर पुन्हा भाषणंच होतील. उठण्याआधी प्रश्नवाल्याने पुढच्या भेटीपर्यंत काय करून पाहणार ते सांगायचं, आणि पुढची बैठक त्याच हिशेबापासून सुरू करायची.

आमच्या गटात एका फोरमननी अडचण मांडली होती. संगणकावर चालणारं नवं सीएनसी मशीन आलं, जुने टर्नर, म्हणजे लेथवरचे कारागीर, त्याला हात लावत नाहीत, आणि शिकवलेली पोरं जास्त पगारासाठी सोडून जातात. त्यांच्या मते प्रश्न ट्रेनिंगचा होता. गटातल्या एका नर्सबाईंनी विचारलं, "हे मशीन घ्यायचं ठरलं तेव्हा खोलीत कोण कोण होतं?" फोरमन बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढच्या मशीनच्या वेळी त्यांनी मालकांशी भांडून दोन जुन्या टर्नरना मशीन पाहायला बरोबर नेलं. त्यातले एक आज नव्या मुलांना शिकवतात. दुसऱ्यांनी तरीही नोकरी सोडली. कारखान्यातल्या कुठल्याही माणसाला तो प्रश्न सुचला नसता, कारण आम्हा सगळ्यांना त्या खोलीत कोण असतं ते पाठ होतं.

खर्चाचंही सांगतो. चहा, जागा, एखादं पुस्तक, हे गटानेच वर्गणी काढून भागवावं. सयाजीराव महाराजांनी 1910 नंतर गावोगावी वाचनालयं उभी केली तेव्हा गावाने आधी आपला वाटा जमवायचा, मग प्रांतपंचायत (जिल्ह्याचं मंडळ) आणि दरबार आपापला वाटा घालणार, अशी रीत होती. फुकट मिळालेल्या बैठकीला माणसं जरासा पाऊस पडला तरी येत नाहीत.

राहिले तुमचे दोन ज्येष्ठ. त्यांना गटाचे अध्यक्ष करू नका, पण त्यांना वगळून गुपचूप सुरूही करू नका. त्यांच्या घरी जा आणि एकच गोष्ट मागा: एक काम, त्याचं बजेट आणि निर्णयाचा हक्क पूर्णपणे या गटाकडे, कार्यकारिणीच्या ठरावासह. हातात खरा निर्णय नसेल तर गट तीन महिन्यांत गप्पांचा अड्डा होतो. ते शाळा देणार नाहीत, उत्सव तर नाहीच नाही. वाचनालय मागा. तिथे नुकसान होण्याची भीती सगळ्यांत कमी वाटते, म्हणून तिथे होकार मिळण्याची शक्यता जास्त आहे.