मार्गदर्शक निवडताना एच-इंडेक्स किती महत्त्वाचा मानावा?

तुम्ही विचारले आहे की, पीएचडीसाठी दोन मार्गदर्शक समोर आहेत, एकाचा एच-इंडेक्स ४१ आहे आणि दुसरीचा १७, तर पहिल्याकडे जावे हे उघड नाही का. उघड नाही. एच-इंडेक्स ४१ म्हणजे प्रत्येकी किमान ४१ सायटेशन, म्हणजे पुढच्या निबंधांत झालेले उल्लेख, मिळालेले ४१ निबंध. दोघांची उपशाखा कोणती, दोघांचे पहिले प्रकाशन कोणत्या वर्षीचे आणि हे आकडे गूगल स्कॉलर आणि स्कोपस या सायटेशन मोजणाऱ्या सूचींपैकी कोणत्या सूचीतून घेतले, यांपैकी काहीच तुम्ही लिहिलेले नाही. हॉर्खे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये हा निर्देशांक मांडला, तेव्हा वीस वर्षांच्या कारकिर्दीनंतर २० म्हणजे यशस्वी आणि ४० म्हणजे असामान्य असा अंदाज त्याने दिला होता. तो अंदाज भौतिकशास्त्रापुरता होता, आणि जीवशास्त्रात हे आकडे बरेच वर असतात हे त्याने त्याच निबंधात नोंदवले होते. गणितात ते खाली असतात. शिवाय हा आकडा कधी उतरत नाही. निवृत्त झालेल्या माणसाचाही वाढत राहू शकतो.

हे सगळे तुम्हाला कुठेही वाचायला मिळाले असते. मी उत्तर लिहायला बसले याचे कारण वेगळे आहे: माझ्या नावावर सर्वाधिक सायटेशन असलेला शोधनिबंध चुकीचा आहे.

सच्छिद्र सिरॅमिक पदार्थांमधून उष्णता किती वाहते हे मोजणारा तो निबंध होता. नमुना दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये दाबून धरायचा, एक बाजू तापवायची आणि दोन्हीकडचे तापमान नोंदवायचे, अशी ती सरळ पद्धत आहे. हे काम केलेल्या कुणालाही ठाऊक असते की पट्टी आणि नमुना यांच्यामध्ये हवेचा अतिशय पातळ थर अडकतो आणि त्याचा रोध हिशेबातून वजा करावा लागतो. त्यासाठी वेगवेगळ्या जाडीचे नमुने घ्यावे लागतात. आम्ही तसे केले नव्हते. निबंध प्रसिद्ध झाल्यावर तीन वर्षांनी दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या एका विद्यार्थिनीने पत्र पाठवून नमुन्यांची जाडी विचारली. मी जुनी वही उघडली, तर पानामागून पान सहा मिलिमीटर, सहा मिलिमीटर, सहा मिलिमीटर. त्याच आठवड्यात तीन, सहा आणि बारा मिलिमीटरचे नमुने कापले आणि जाडीसमोर रोधाचा आलेख काढला. रेषा शून्यातून जायला हवी होती. ती उभ्या अक्षाला बरीच वर छेदत होती. सहा मिलिमीटरच्या नमुन्यात मोजलेल्या रोधाचा पाचवा भाग त्या हवेचाच होता, म्हणजे खरी उष्णतावाहकता आम्ही छापलेल्या आकड्याहून पाव पटीने जास्त होती. उत्तम उष्णतारोधक म्हणून आम्ही ज्याचा गाजावाजा केला होता, तो पदार्थ अगदी सामान्य निघाला.

निबंधाचे लेखक दोघेच होतो. मी पहिली, आणि दुसरे माझे तेव्हाचे वरिष्ठ. त्यांच्यासमोर आलेख ठेवला. त्यांनी तो नीट पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाले, "अगं, लोक आपल्याला पद्धतीसाठी उद्धृत करतात, आकड्यासाठी नव्हे. आता शुद्धिपत्र काढलंस तर सगळ्या प्रकल्पावरच शंका येईल. शिवाय तुझी बढतीची फाइल पुढच्या वर्षी जाणार आहे ना?" मी म्हणाले, "सर, लोक कशासाठी उद्धृत करतात ते आपण वाचलंय का?" त्यांनी वाचले नव्हते. मीही वाचले नव्हते, हे इथे मान्य केले पाहिजे. सायटेशन किती झाली हे आम्ही दर सोमवारी पाहत होतो, आणि ती उघडून कधीच पाहिली नव्हती.

तोवर त्या निबंधाला ६३ सायटेशन होती. ती सगळी मी वाचली. सहा आठवडे लागले. ३८ ठिकाणी आमचा उल्लेख प्रस्तावनेत आणखी चार-पाच निबंधांच्या रांगेत एका चौकटी कंसात होता आणि तो काढून टाकला असता तरी त्या वाक्याचे काही बिघडले नसते. १४ जणांनी आमचा आकडाच उचलून आपल्या गणितात घातला होता, त्यामुळे सरांचा दावा तिथेच संपला. सात जणांनी स्पष्ट लिहिले होते की आमची मूल्ये त्यांच्या मोजमापांशी जुळत नाहीत. उरलेली चार आमची आम्हीच केलेली होती. जे सात जण आम्हाला चूक म्हणत होते, त्या प्रत्येकाने आमच्या खात्यात एकेक सायटेशन जमा केले होते, आणि ते सात मिळाले याचा आम्ही सोमवारी आनंद मानला होता.

मला याची चीड येते ती विशेषकरून या कारणाने, की सायटेशनची सूची मुळात याच्या अगदी उलट कामासाठी कल्पिली गेली होती. युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये 'सायन्स'मध्ये तिचा प्रस्ताव मांडला, तेव्हा एखाद्या जुन्या निबंधावर पुढे काय टीका झाली हे प्रामाणिक अभ्यासकाला कळावे आणि चुकीची किंवा कालबाह्य माहिती डोळे झाकून उद्धृत होणे थांबावे, हा त्यातला एक ठळक हेतू होता. नमुना म्हणून त्यांनी घेतली होती ती अमेरिकेतल्या वकिलांची, १८७३ पासून चालत आलेली शेपर्ड यांची निवाड्यांची सूची. त्या सूचीत एखाद्या निवाड्याचा नंतर कुठे उल्लेख झाला एवढेच नसते. तो पुढच्या न्यायालयाने मानला, त्यावर टीका केली की तो रद्दच ठरवला, हे एकेका अक्षराच्या खुणेने दाखवलेले असते. रद्द झालेला निवाडा शंभर वेळा उल्लेखला गेला म्हणून कोणी वकील तो मोठा समजत नाही. विज्ञानाने ती सूची घेतली, खुणा गाळल्या आणि उरलेली बेरीज माणसांना लावली.

सरांनी शुद्धिपत्रावर सही केली नाही. शेवटी मी त्याच नियतकालिकात एकटीच्या नावाने दोन पानांचे टिपण प्रसिद्ध केले, त्यात आलेख दिला आणि सुधारित मूल्येही दिली. त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून काहीही लिहिलेले नाही.

पुढच्या वर्षी बढतीच्या समितीसमोर गेले. प्रत्येक उमेदवारासाठी तक्त्यात एक ओळ होती: निबंधांची संख्या, एकूण सायटेशन, एच-इंडेक्स, नियतकालिकांच्या इम्पॅक्ट फॅक्टरांची बेरीज आणि सहलेखकांची संख्या. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे नियतकालिकातल्या अलीकडच्या निबंधांना मिळालेल्या सायटेशनची सरासरी, हा नियतकालिकाचा असतो, लेखकाचा नव्हे, आणि 'ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका' या स्फटिकशास्त्राच्या नियतकालिकाच्या ए विभागाचा तो २००८ मध्ये २.०५१ होता आणि एकट्या शेल्ड्रिक यांच्या एका निबंधामुळे २००९ मध्ये ४९.९२६ वर गेला, हे त्या खोलीत कुणालाच ऐकायचे नव्हते. किमान एच-इंडेक्सची अट १२ होती आणि माझा नेमका १२ होता. तो चुकीचा निबंध वगळला असता तर ११ भरला असता. टिपणाला तेव्हा दोन सायटेशन होती, म्हणजे तक्त्याच्या लेखी ते नसल्यात जमा होते. एका सदस्याने त्यावर बोट ठेवून विचारले, "इथे तुमच्याबरोबर कोणीच नाही. इतरांबरोबर काम करायला अडचण येते का?" बढती मिळाली. ती त्या चुकीच्या निबंधाच्या जोरावर मिळाली हे मला आणि सरांना, दोघांनाच ठाऊक होते.

सहलेखकांची गणना हीच सहकार्याची मोजणी, असे मानणाऱ्यांना मी एक मांजर दाखवते. १९७५ मध्ये जॅक हेदरिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञाने एकट्याने निबंध लिहिला, पण तो 'आम्ही' वापरून टंकलिखित झाला होता. सगळा पुन्हा टंकण्यापेक्षा त्याने आपल्या सयामी मांजराला एफ. डी. सी. विलर्ड या नावाने सहलेखक केले आणि 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'ने ते छापले. त्याच नियतकालिकात २०१५ मध्ये हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावरचा निबंध ५,१५४ लेखकांच्या नावाने आला. ३३ पानांपैकी २४ पाने नावांचीच होती. त्या प्रत्येकाला एक पूर्ण निबंध मोजावा की निबंधाचा ५,१५४ वा भाग, यावर वाद घालता येतो, पण तुमच्या तुलनेत ४१ वाला कोणत्या प्रकारच्या गटात आहे हे पाहिल्याशिवाय वादालाही अर्थ नाही.

तर तुमच्याविषयी. दोघांचे आकडे एकाच ठिकाणाहून घ्या, कारण गूगल स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंट, म्हणजे नियतकालिकाने तपासण्याआधी खुले केलेले मसुदे, हेही मोजते आणि तिथला आकडा साधारणपणे सर्वांत मोठा असतो. स्वतःची सायटेशन वगळण्याची सोय स्कोपसमध्ये आहे, ती वापरा. एकाच नावाची दोन माणसे एका खात्यात मिसळलेली नाहीत ना, हे ऑर्किड (ORCID) या प्रत्येक संशोधकाच्या स्वतंत्र ओळख-क्रमांकावरून तपासा. त्यानंतर ४१ आणि १७ विसरून, दोघांच्या गेल्या सात-आठ वर्षांतल्या निबंधांवर पहिले नाव कोणाचे आहे ते पाहा. पहिली नावे विद्यार्थ्यांची असतील आणि पदवीनंतरही ते विद्यार्थी स्वतःच्या नावावर लिहीत असतील, तर तिथे माणसे घडतात. विद्यार्थी एकदाच दिसून नाहीसे होत असतील तर त्यांना पत्र लिहून विचारा. शेवटी दोघांच्या सर्वाधिक सायटेशनच्या निबंधाचा उल्लेख करणारी दहा-दहा वाक्ये काढून वाचा. एक दुपार जाईल. आणि त्या मार्गदर्शकांनी आजवर कधी शुद्धिपत्र काढले आहे का, हे जरूर पाहा. काढले असेल तर मी त्यांना पाच गुण जास्त देईन. माझ्याशी वाद घालू नका.

आकडे निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही, हे आधीच सांगायला हवे होते. जिथे निवड ओळखीपाळखीवर होते, तिथे वशिला नसलेल्या नवख्या माणसाच्या हातात तो आकडाच असतो, आणि त्या समितीत तक्ता नसता तर मला कदाचित त्यांनी आत बोलावलेही नसते. हिर्शनेही पहिल्याच निबंधात बजावले होते की एकाच आकड्याने माणसाचे ढोबळ चित्रच मिळते. तुमच्या यादीतला ४१ खऱ्या अर्थाने कमावलेलाही असू शकेल.

सरांच्या गूगल स्कॉलरच्या पानावर तो निबंध आजही सर्वांत वर आहे. त्याला १४० सायटेशन झाली आहेत. माझ्या टिपणाला अकरा आहेत, आणि त्यांतली तीन माझीच आहेत.