‘घरी लक्ष द्या’ म्हणजे नेमकं काय करायचं?

मावशी, नमस्कार.

आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. पोरगं महापालिकेच्या शाळेत तिसरीला आहे. मिस्टर शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहेत, पाळी आठवड्याला बदलते. मी पहाटे पाचला पोळी-भाजी केंद्रावर जाते ती दुपारी तीनला परत. तोवर पोरगं सासूबाईंकडं.

वहीत बाईंचा शेरा येतो, ‘घरी लक्ष द्या’. दोन-तीनदा आला. शेवटचा मिस्टरांनी बघितला आणि पोराला दोन ठेवून दिल्या. तेव्हापासून ते वहीच लपवतंय, परवा दिवाणाखाली सापडली. बाई अभ्यास मोबाईलवर ग्रुपवर टाकतात, पण मोबाईल मिस्टरांकडं असतो आणि दुसऱ्या पाळीला ते रात्री बारानंतर येतात. पोरगं तसं हुशार आहे हो. मराठीचा धडा धडाधडा म्हणतं. पण मधल्याच एखाद्या ओळीवर बोट ठेवून ‘हे वाच’ म्हटलं की गप्प.

पालक सभेला मी जात नाही. गेल्या वर्षी गेले होते तर सगळ्यांसमोर नाव घेऊन सांगितलं, मान खाली घालून बसले. मी नववी नापास, बाईंशी काय बोलणार? मिस्टर म्हणतात इंग्लिश मीडियमला घालू, नाहीतर शिकवणी लावू. चूक आमची का शाळेची, एवढं सांगा.

– एक आई

*

पोरी, चूक कुणाची ते मागाहून बघू. तुझ्या पत्रात दोन गोष्टी तू जाता जाता लिहून गेलीस आणि माझ्या मते सगळं त्यातच आहे.

पहिली मोबाईलची. घरात मोबाईल एक, तो फौंड्रीत. म्हणजे दोन आठवड्यांतून एक आठवडा तरी अभ्यास काय दिलाय हे पोरगं झोपेपर्यंत घरात कुणालाच माहीत नसतं. तिकडं बाईंच्या मोबाईलवर मात्र तुमच्याकडं वाचलं गेलं असं दिसत असणार, कारण मिस्टर जेवणाच्या सुट्टीत ग्रुप उघडून बघत असतील. बाईंना वाटतं पालकांनी वाचलं आणि सोडून दिलं. मग शेरा येतो. शाळेत तुमच्या पाळ्या कुणाला ठाऊक आहेत? पहाटे पाचला घराबाहेर पडणारी आई लक्ष देत नाही असं कुणाला वाटत असेल, तर त्याचं कारण हेच की तिला कुणी विचारलेलं नाही.

तो शेरा मला मुळीच पटत नाही, हेही सांगून टाकते. ‘घरी लक्ष द्या’ यात काय करायचं ते कुठं आहे? लक्ष कशावर, किती वेळ, कुठल्या विषयात? ‘जोडाक्षरं वाचताना अडतो, रोज चार ओळी वाचून घ्या’ असं लिहिलं असतं तर नववी नापास आईलाही ते जमलं असतं. नुसत्या शेऱ्यानं घरात मारच पोचला. आणि ज्या वहीनं घर आणि शाळा जोडायची, ती दिवाणाखाली गेली.

दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. मधल्या ओळीवर बोट ठेवलं की ते गप्प बसतं, हे तू शोधून काढलंस. अगं, वर्गात धडा सगळे मिळून मोठ्यानं म्हणतात. तीस आवाजांत एकाचा आवाज ऐकू येत नाही. तुझ्या पोराची स्मरणशक्ती चांगली, म्हणून ऐकून ऐकून धडा पाठ होतो आणि पान समोर धरलं की वाचतंय असं वाटतं. प्रत्यक्षात अक्षर बघून आवाज ओळखणं, काना-मात्रा, जोडाक्षरं यांतलं काहीतरी पक्कं झालेलं नाही. मुलाला खरंच वाचता येतं का हे बघायला शिक्षकही हेच करतात. मधलंच वाक्य देतात, नाहीतर न शिकवलेला उतारा देतात. फक्त एकेका मुलाला जवळ घेऊन तसं बघायला त्यांना वेळ मिळतोच असं नाही. त्यामुळं ही गोष्ट बाईंना माहीत नसेल असं मी धरून चालते, आणि ती त्यांना सांगायला तुला नववी पास असण्याची गरज नाही.

तिसरीत ही गोष्ट अंगावर काढण्यासारखी नाही. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचं उद्दिष्टच हे आहे की तिसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता यावं आणि साधी आकडेमोड यावी. पुढं चौथी-पाचवीत परिसर अभ्यास वाचून समजून घ्यायचा असतो, गणिताचं उदाहरणसुद्धा आधी वाचावं लागतं. वाचन कच्चं राहिलं की पोरगं एकदम चार विषयांत मागं पडतं आणि घरचे म्हणतात, अचानक काय झालं याला. तुला वेळेवर कळलंय.

आता बाईंशी बोलायचं. सभेत नको. सभेत बाईंना चाळीस माणसांना तोंड द्यायचं असतं, तुझ्या पोराचं निवांत बोलणं तिथं होत नाही. वेगळी वेळ माग. आपण उगाच त्रास देतोय असं मनात आणू नकोस. आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळचा रुपया म्हणजे काय हे तुझ्या सासूबाईंना विचार. पालकाचं कर्तव्य तेव्हाच ठरलं आणि तू ते पाळतेयस. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं दुसरी बाजूही लिहून ठेवली आहे. पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणं हे त्या कायद्याच्या २४ व्या कलमात शिक्षकांचं कर्तव्य म्हणून आहे. तेव्हा तू भेट मागतेस ती हक्कानं. कायदा मात्र बाईंसमोर काढू नकोस. तो तुझी मान वर राहावी म्हणून सांगितला. बाईंनाही वर्गाच्या वर मतदार याद्या, माहिती भरणं, सर्वेक्षणं असतात, हे मनात ठेवून बोललीस तर बोलणं सरळ होईल.

पहाटे निघतेस, शाळा सुटताना पोचता येईलच असं नाही, म्हणून आधी चिठ्ठी पाठव. सासूबाईंच्या हातानं. साधी अशी:

‘बाई, नमस्कार. मोबाईल मिस्टरांकडं असतो, दुसऱ्या पाळीला अभ्यास घरी कळत नाही. कृपया मुलाच्या वहीत लिहून द्याल का? तो धडा पाठ म्हणतो, पण मधली ओळ वाचता येत नाही असं मला दिसलं. तुम्हाला दहा मिनिटं भेटायचं आहे. शनिवारी येऊ का?’

एवढं पुरे. भेटलीस की गाऱ्हाणं गात बसू नकोस आणि नुसतं ऐकूनही येऊ नकोस. तुला दिसलं ते सांग, मग विचार: तो नेमका कुठं अडतो? आम्ही घरी रोज पंधरा मिनिटांत काय करू? वर्गात तुम्ही काय कराल? हा तिसरा प्रश्न विचारायला आपल्या बायका कचरतात. तू विचार, कारण वाचायला शिकवणं हे शाळेचंच काम आहे. तू घरी सराव घेशील, शिकवायचं बाईंनी. पंधरा दिवसांनी परत कधी येऊ, तेही तिथंच ठरवून ये. आणि पोरगं वर्गात कशात चमकतं हे विचारल्याशिवाय उठू नकोस. कदाचित तोंडी हिशेबात ते सगळ्यांच्या पुढं असेल आणि तुम्हाला घरी पत्ताही नसेल.

सभेत नाव घेऊन सांगितलं होतं ना, तेही याच भेटीत शांतपणे बोल. ‘बाई, त्याचं जे असेल ते मला एकटीला सांगा, मी येईन.’ बहुतेक शिक्षक एवढ्यावर समजतात. तरी पुन्हा तसंच झालं तर मुख्याध्यापकांकडं जा.

आता घरातलं. मारणं बंद झालं पाहिजे, आजपासून. शाळेत मुलावर हात उगारायला कायद्यानं मनाई आहे. घरात ती मनाई तुलाच करावी लागेल. मिस्टर वाईट आहेत असं मी म्हणत नाही, दिवसभर भट्टीसमोर उभं राहून आलेल्या माणसाला तो शेरा म्हणजे आपल्यावरचा ठपका वाटला असणार. पण पोराच्या डोक्यात काय बसलं बघ: वही दाखवली की मार. आता बाईंनी चांगलं लिहून पाठवलं तरी ते तुमच्यापर्यंत पोचायचं नाही. मिस्टरांनीच पोराला जवळ घेऊन सांगू दे, ‘वहीत काहीही असू दे, दाखव, मी मारणार नाही.’ आणि पुढचा शेरा आला की ते पाळू दे.

त्यांच्यासाठी अजून एक काम आहे. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळी ते घरी असतात. त्या आठवड्यात पोराला शाळेत त्यांनीच सोडायचं, फाटकात बाईंशी दोन शब्द बोलायचे. शाळेच्या फाटकात बाप फार कमी दिसतात, आणि जिथं बाप येतो तिथं पोराला कळतं की शाळा ही घरातली महत्त्वाची गोष्ट आहे. गणितही त्यांच्याकडं दे. मंडईत बरोबर न्यायचं, पैसे पोरानं मोजायचे. एक सांभाळायला सांग. पोरगं ‘साठ तीन’ म्हणालं तर हसू नये. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली ‘साठ तीन’ आणि ‘त्रेसष्ट’ असं दोन्ही आलं. ‘त्रेसष्ट’ ऐकताना तीन आधी कानावर पडतं म्हणून बरीच पोरं ३६ लिहून मोकळी होतात. बाप म्हणतो पुस्तक चुकीचं, बाई म्हणतात बरोबर, असं झालं की पोरगं दोघांच्या मध्ये सापडतं. काही वेगळं दिसलं तर आधी बाईंना विचारावं.

तू रोज संध्याकाळी फक्त ऐक. चार ओळी, त्याही पाठ नसलेल्या. केएमटी बसवरची पाटी, मसाल्याच्या पुडीवरचा मजकूर, काहीही चालेल. अडलं तर ओरडायचं नाही, तो शब्द आपणच सांगायचा आणि पुढं जायचं. मग तीच ओळ एकदा पहिल्यापासून. पंधरा मिनिटं झाली की थांबायचं, अगदी रंगात आलं असलं तरी. सासूबाईंना वाचता येत नसेल तर उलट बरंच. पेपरातले मोठे मथळे पोरानं आजीला वाचून दाखवायचे, आजीनं त्याला गोष्ट सांगायची आणि दुसऱ्या दिवशी ती त्यानं तुला सांगायची. शब्द कानावरून गेलेले असले की पानावर भेटल्यावर ओळखायला सोपे जातात. सासूबाईंना सांग, अभ्यास घ्यायला येत नाही म्हणून हळहळू नका, हेच काम आहे.

इंग्लिश मीडियमचं म्हणशील तर आत्ता नको. ज्या भाषेत ते दिवसभर बोलतं त्या भाषेतलं वाचन अडलंय. इंग्रजीत घातलंस तर भाषाही नवी आणि अक्षरंही नवी, आणि घरात विचारायला कुणी नाही. फीचा बोजा वेगळाच. आपल्याच शहरात जरगनगरच्या महापालिका शाळेत प्रवेश मिळावा म्हणून पालक पाडव्याला रांगा लावतात, तेव्हा महापालिकेची शाळा म्हणजे कमी हे मनातून काढ. दुसऱ्या कुणाच्या पोरांशी तुलना तर करूच नका, निदान पोरासमोर.

शिकवणीचंही तसंच. कुठं अडतंय हेच माहीत नसताना शिकवणी लावलीस तर तिथंही ते पाठ करूनच दाखवील. दोन-तीन महिने बाई आणि तू मिळून प्रयत्न करा, मग बघू. आणि बाईंनाच ‘तुम्ही शिकवणी घ्याल का’ असं विचारू नकोस. शाळेतल्या शिक्षकांना खासगी शिकवणी घ्यायला कायद्यानं बंदी आहे.

एक राहिलंच. पोराचे डोळे तपासून घे. टीव्ही जवळ जाऊन बघतं का, फळ्यावरचं उतरवताना शेजाऱ्याच्या वहीत बघतं का, हे बाईंना विचार. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, तेव्हा काही सांगितलं होतं का तेही विचार. नाहीतर एक सुट्टी काढून सीपीआरला, सरकारी दवाखान्यात, दाखवून आण. कधीकधी सगळं करून झाल्यावर चष्म्याचं निघतं.

आणि शाळा व्यवस्थापन समितीत कोण कोण आहे ते शाळेत विचारून ठेव. कायद्यानं तिच्यात पाऊण सभासद पालक असावे लागतात आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका. बऱ्याच शाळांत या जागांवर ठरावीक नावं लागतात, कारण तुझ्यासारख्या आया सभेलाच जात नाहीत. आज लगेच उभी राहा असं म्हणत नाही. पण अभ्यास फक्त मोबाईलवर नको, वहीत किंवा फळ्यावर हवा, ही मागणी तुझ्या एकटीची नसणार. गल्लीतल्या दोघी-तिघींना विचार, त्यांचाही मोबाईल कुणाच्या तरी खिशात कामावरच गेलेला असेल. चौघींनी मिळून सांगितलं तर शाळेला ते ऐकावं लागेल. तोवर जिच्याकडं मोबाईल असेल तिच्या दारात संध्याकाळी पोराला पाठव, अभ्यास उतरवून आणेल.

बाईंना भेटलीस की ते कुठल्या अक्षरांना अडतंय म्हणाल्या, ते मला लिही. जोडाक्षरांचं निघालं तर घरी काय काय करता येईल ते पुढच्या वेळी सविस्तर सांगते.

तुझी,
मावशी